उपाशी, पिशवी आणि पथ्य

सकाळचे साडेसात. ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर एक मावशी पडून आहेत. हर्नियाचं ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी सिस्टरनं तीनतीनदा बजावलंय, ‘उद्या उपाशी यायचं बरं का!’ भूलतज्ज्ञ येतात आणि विचारतात, ‘काही खाल्लं नाही ना?’ मावशी ठासून सांगतात, ‘नाही हो, कडक उपास धरलाय. पहाटे नुसती वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेतली आणि वर चहा. बाकी तोंडात काही नाही.’

ऑपरेशन पुढे ढकललं जातं. मुलाची रजा वाया जाते. मावशींना कळतच नाही, आपलं चुकलं काय.

महाराष्ट्रात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या गप्पांत हा किस्सा हमखास निघतो. कुणाच्या गोष्टीत खिचडीच्या जागी वरीचे तांदूळ असतात, कुणाच्या गोष्टीत राजगिऱ्याचा लाडू. एका हातानं मशेरी लावत ‘पोटात अन्नाचा कण नाही’ असं सांगणारी आजीही या गोष्टींत अधूनमधून येते. हसून सोडून द्यावेत असे हे किस्से आहेत. पण या बायकांनी सांगितलेलं तंतोतंत पाळलेलं असतं. ज्या भाषेत ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ अशी म्हण आहे, तिथे उपासाचा अर्थ पोट रिकामं ठेवणं असा होत नाही. धान्याला फाटा देऊन वेगळं काहीतरी खायचं, असाच तो होतो. चूक झाली ती शब्द निवडणाऱ्याची.

रिकाम्या पोटाचा आग्रह कशासाठी, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. न्यूयॉर्कमधले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४ हजारांवर बाळंतपणांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६६ बायकांच्या बाबतीत भुलेखाली असताना पोटातलं घशात येऊन फुप्फुसात उतरलं होतं. जागेपणी घास चुकीच्या नळीत गेला तर ठसका लागतो. भुलेत तो लागत नाही. पोटातलं आम्ल थेट फुप्फुसात जातं आणि तिथे भाजल्यासारखी इजा करतं. त्यातून पुढे नियम आले. हलकं खाणं झालं असेल तर सहा तास थांबायचं, तळलेलं किंवा तुपकट असेल तर त्याहून जास्त. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात जमा होतो. आपल्याकडे ही मेख कुणी सांगत नाही. चहाला आपण खाणं मानतच नाही. ‘काही घेतलं का?’ या प्रश्नाला ‘नाही, फक्त चहा’ असं प्रामाणिक उत्तर देणारा आपला समाज आहे.

याची दुसरी बाजूही आहे. ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा सरधोपट आदेश पाळणाऱ्या माणसाचा नंबर दुपारी तीनला लागला, तर तो पंधरा तास घशाला कोरड पडून बसलेला असतो. त्यातून तो मधुमेही असेल तर सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एका वाक्याची सूचना, पण ती नीट लिहायची तर निम्मं पान लागतं: चहा नाही, दूध नाही, उपासाचे पदार्थसुद्धा नाहीत, तंबाखू-मशेरी नाही, पाणी अमुक वाजेपर्यंत, साखरेची आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

रुग्णालयात हातात पडणाऱ्या मराठी कागदांची भाषा मात्र बहुतेक वेळा कचेरीतल्या परिपत्रकाची असते. ‘शस्त्रक्रियोत्तर कालावधीत अतिश्रम टाळावेत.’ ‘द्रवपदार्थांचे सेवन पुरेशा प्रमाणात करावे.’ ‘जखम निर्जंतुक ठेवावी.’ इंग्रजी पत्रक समोर ठेवून शब्दाला शब्द लावलेला लगेच ओळखू येतो. निर्जंतुक ठेवायचं म्हणजे घरी काय करायचं? डेटॉल ओतायचं? हळद भरायची? आणि ‘जड वस्तू उचलू नयेत’ यातलं जड म्हणजे किती? पाणी भरणाऱ्या बाईला भरलेली कळशी जड वाटत नाही, ती रोजचीच असते. पंधरा लिटरची बादली भरली की पंधरा किलोंवर जाते. भरलेलं गॅसचं सिलिंडर तीस किलोंच्या घरात. सिझर झालेल्या बाईला ‘बाळापेक्षा जड काही उचलू नका’ एवढं सांगितलं, तर वेगळं परिमाण लागत नाही. ते परिमाण तिच्या मांडीवरच असतं.

असं समजावून सांगण्यानं खरंच काही फरक पडतो का? या प्रश्नाचं एक जुनं आणि अजून ताजं वाटणारं उत्तर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मिळालं होतं. भुलेसाठी ईथरचं पहिलं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ साली झालं, ते हेच रुग्णालय. तिथले भूलतज्ज्ञ लॉरेन्स एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनचे ९७ रुग्ण घेतले. त्यांतल्या ४६ जणांशी आदल्या रात्री बसून बोलणं केलं. उद्या दुखेल, कुठे दुखेल, कशानं दुखेल, टाक्यांच्या खालचे स्नायू आवळले की कळ येते, तेव्हा श्वास कसा घ्यायचा, कुशीवर वळताना पोटाला ताण न देता हातांचा आधार कसा घ्यायचा. उरलेल्यांना नेहमीसारखंच वागवलं. कोण कुठल्या गटात, हे सर्जनना ठाऊक नव्हतं. ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्यांना वेदनाशामक औषध निम्म्याच्या आसपास लागलं आणि त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडण्यात आलं. १९६४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे छापून आलं. बोलण्याशिवाय त्यांना जादा काही दिलेलं नव्हतं.

फक्त बोलणं टिकत नाही, ही दुसरी अडचण. डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जे आठवतं त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं असतं, असं त्यांनी मांडलं. घाबरलेला माणूस एखाद्याच शब्दाला धरून बसतो. ‘गाठ’ हा शब्द कानावर पडला की पुढची दहा मिनिटं त्याला ऐकू येत नाहीत. म्हणून कागद हवा. आणि तो डोळ्यांनी नीट दिसत नसलेल्या, अक्षरओळख जेमतेम असलेल्या माणसाच्या कामाचा हवा.

मोतीबिंदूचंच पाहावं. ऑपरेशन आता वीस मिनिटांचं, सकाळी जाऊन दुपारी घरी. जाहिरातीत त्याचं नाव ‘बिनटाक्याचं’. टाका नाही, पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली, म्हणजे ऑपरेशन झालंच नाही अशी घरातल्यांची समजूत होते आणि खरी कसरत तिथून सुरू होते. ती थेंबांची. स्टेरॉइडचे थेंब बऱ्याच ठिकाणी पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी, असे सहा आठवडे चालतात. सोबत दुसरी एखादी बाटली, तिचं वेळापत्रक निराळं. दोन्ही बाटल्या बोटभर उंचीच्या, त्यांवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, तीही इंग्रजी. एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू तसाच, अशा माणसानं ती वाचायची.

थेंब घालण्यातही खुब्या आहेत. हात साबणानं धुवायचे. बाटलीतलं औषध दुधट दिसत असेल तर ती हलवून घ्यायची, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. खालची पापणी बोटानं ओढून झोळी करायची, थेंब त्या झोळीत टाकायचा. बाटलीचं टोक पापणीला टेकवायचं नाही. डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावत नाही. ‘दोन घाला म्हणजे गुण लवकर येईल’ या हिशेबातला दुसरा थेंब गालावरून ओघळतो आणि बाटली लवकर संपते. दुसऱ्या बाटलीच्या आधी पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर पहिलं औषध दुसऱ्यानं धुऊन जातं. सूर्य उगवताना, डोक्यावर असताना, मावळताना अशी चित्रं आणि बाटल्यांच्या झाकणांचे रंग कागदावर रंगवले, की वाचता न येणाऱ्यालाही ते पाळता येतं. साध्या पेनानं बाटलीवर मोठा ‘१’ आणि ‘२’ काढून देणारी सिस्टर कुठल्याही गुळगुळीत पत्रकाला भारी पडते.

पत्रकांचा खरा दोष त्यांच्या क्रमात असतो. पंधरा सूचनांच्या यादीत ‘डोळा चोळू नये’, ‘काळा चष्मा वापरावा’ यांच्याच मापाच्या अक्षरात, बाराव्या-तेराव्या नंबरावर कुठेतरी लिहिलेलं असतं: डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा आधी दिसत होतं ते कमी दिसू लागलं तर रुग्णालयाशी संपर्क साधावा. खरं तर हीच एक ओळ ठसठशीत हवी. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर तासांचा हिशेब असतो आणि आजी म्हणते, ‘रविवार आहे, सोमवारी बघू.’

आजीचा स्वतःचा एक कागद असतो. तो तिच्या डोक्यात असतो आणि छापील कागदाहून जुना असतो. मोतीबिंदू ‘पिकल्याशिवाय’ काढायचा नाही, चाळीस दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, मान हलवायची नाही, पडून राहायचं. तरुण डॉक्टर याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. पण हे सगळं एकेकाळी डॉक्टरांनीच सांगितलेलं आहे. डोळ्यातलं अख्खं भिंग मोठ्या छेदातून बाहेर काढत, तेव्हा जखम हलू नये म्हणून रुग्णाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्याला उताणं झोपवून ठेवत. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबणं त्या तंत्रात शहाणपणाचं होतं. आता छेद दोन-तीन मिलिमीटरचा आहे आणि पिकून कडक झालेला मोतीबिंदू काढणं उलट अवघड जातं. फारच पिकला तर डोळ्याचा दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. तंत्र बदललं आणि जुनी सूचना मागे घ्यायला कुणी आजीच्या घरी गेलं नाही. कालचा वैद्यकीय सल्ला असाच आजची समजूत होऊन बसतो. म्हणून नव्या कागदावर ‘पूर्वी पिकायची वाट बघत, आता बघत नाहीत, कारण असं असं’ एवढं तरी लिहायला हवं. नुसतं ‘गैरसमज टाळा’ म्हटल्यानं आजी रागावते, एवढंच.

पथ्याचंही तेच. मराठी रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर, पथ्य काय?’ डॉक्टर घाईत म्हणतात, ‘काही नाही, सगळं खा.’ घरच्यांना यात बेपर्वाई दिसते. पथ्य नसलेलं औषध लागू पडतं यावर आपला विश्वासच नाही. मग डॉक्टरांनी मोकळी सोडलेली जागा आत्या, शेजारीण आणि व्हॉट्सअ‍ॅप भरून काढतात. भात नको, टाक्यांत पाणी होतं. डाळ नको, वांगं नको, आंबट नको, अंडं उष्ण. नेमकी जखम भरून यायला प्रथिनं हवी असतात तेव्हा ताटात ज्वारीची भाकरी आणि दुधी उरतो. काही घरांत सिझरनंतर पोट सुटेल म्हणून पाणीसुद्धा मोजून देतात. छापील कागदावर ‘समतोल व सकस आहार घ्यावा’ असतं. त्यात भात हा शब्द नाही, डाळ हा शब्द नाही. ‘भातानं टाके पिकत नाहीत. भात, डाळ, अंडी, मासे, दही, सगळं चालतं’ असं नावानिशी लिहिलं की सासूसमोर कागद धरता येतो. असा कागद सुनेच्या फार उपयोगाचा असतो.

शब्द नुसते अपुरे पडतात असं नाही, काही शब्द वाट चुकवतात. ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ हा त्यांतला एक. मुळात छान शब्दप्रयोग. पोटात नळी घालून कॅमेऱ्यानं बघायचं, हे चटकन समजतं. पण दुर्बिणीतून म्हणजे लांबून बघितल्यासारखं, ‘कापलेलं नाही’, अशीही समजूत होते. तीन बारीक छेदांच्या आत मोठं काम झालंय हे न उमगल्यानं माणूस आठवड्यात मोटारसायकलवरून शेतावर हजर.

आणि ‘पिशवी’. आतड्याच्या कॅन्सरनंतर कधीकधी शौचाची वाट पोटावर काढावी लागते, त्यावर चिकटपिशवी लावतात. डॉक्टर म्हणतात, ‘पिशवी लावावी लागेल.’ ऐकणारी बाई गोंधळते, कारण तिच्या बोलीत पिशवी एकच: गर्भाशय. तिच्या ओळखीच्या बायकांची ती ‘काढलेली’ असते, ‘लावलेली’ नसते. पोटावरची ही वाट लालबुंद, ओलसर दिसते. गालाच्या आतल्या बाजूसारखी. तिला हात लावला तर दुखत नाही. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करायची, काठोकाठ भरू दिली तर वजनानं सुटते. चकतीचं भोक वाटेपेक्षा किंचितच मोठं कापायचं, फार मोठं झालं तर आजूबाजूची कातडी सोलवटते. हे कागदावर वाचून अंगवळणी पडत नाही. अशा पिशवीसह वर्षानुवर्षं नोकरी, प्रवास, लग्नकार्यं केलेला माणूस खाटेशी येऊन बसतो, शर्ट वर करून दाखवतो आणि ‘मी लोकलनं आलोय’ म्हणतो, तेव्हा रुग्ण पहिल्यांदा नीट प्रश्न विचारतो. ऑस्टॉमी असोसिएशनसारख्या संस्थांचं काम अशा भेटींवर उभं आहे.

दुसऱ्या पिशवीची गोष्ट कडू आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांमध्ये गर्भाशय काढण्याची ऑपरेशनं किती झाली, हे तपासायला राज्य सरकारनं २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी. यामागे मुकादमाची उचल, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, फडावर नसलेलं पाणी आणि संडास हे सगळं होतंच. पण बायकांनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना पुन्हापुन्हा सांगितलं ते डॉक्टरांचं एक वाक्य: ‘काढली नाही तर कॅन्सर होईल म्हणाले.’ हेही रुग्णशिक्षणच, फक्त उलट्या दिशेचं. पोरं झाली, आता पिशवी रिकामी. रिकामी पिशवी ठेवून करायचं काय? शब्दानंच अर्धं काम केलेलं. त्यासोबत बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचा त्रास ऐन तिशीत सुरू होतो, हाडं ठिसूळ होत जातात. ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

दुर्बीण आणि पिशवी हे दोन्ही शब्द एका खटल्यातही एकत्र येतात. दिल्लीतली ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ साली रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी करायला तिनं सही केली. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला, की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर येणार असेल, तातडीचा धोका नसेल, तर आईची सही चालत नाही. आणि संमतीआधी उपचार काय, कशासाठी, त्यात धोके कोणते, पर्याय कोणते हे सांगितलं गेलं पाहिजे. पुढे २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं रुग्णहक्कांची सनद तयार केली, २०२१ साली महाराष्ट्रानं नर्सिंग होमच्या नियमांत बदल करून रुग्णहक्क दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. काही ठिकाणी ती सनद भिंतीवर आहे. बहुधा वॉटर कूलरच्या मागे.

चांगलं काम करणाऱ्यांनी सुरुवात ऐकण्यापासून केली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता तो बाळाचा न्यूमोनिया घरातच ओळखण्याचा. मिनिटाला श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. पण गावातल्या दायांना बाराच्या पुढे मोजायची सवय नव्हती. त्यावर त्यांनी मण्यांचं एक साधन केलं. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. दाईला गणित शिकवत बसण्याऐवजी गणितच तिच्या बोटांत आणून दिलं. त्यांच्या रुग्णालयाला नाव आहे माँ दंतेश्वरीचं आणि बांधणी आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांची, कारण मोठ्या इमारतीची भीती वाटते असं लोकांनीच सांगितलं होतं.

बंगळुरूच्या नारायणा रुग्णालयात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांना वेगळी गोष्ट दिसली. हृदयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्यांचे नातेवाईक दिवसचे दिवस व्हरांड्यात बसून असतात. त्यांना कुणी काही सांगत नाही, आणि घरी गेल्यावर सगळं करायचं तर त्यांनाच. त्यातून ‘नूरा हेल्थ’ ही संस्था उभी राहिली. ती परिचारिकांना तयार करते आणि परिचारिका वॉर्डातच नातेवाइकांचे वर्ग घेतात: हात कसे धुवायचे, जखम कशी बघायची, कुठली लक्षणं दिसली तर परत यायचं. ससूनच्या किंवा जे. जे.च्या आवारात डबा, चटई, पाण्याची बाटली घेऊन बसलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कल्पनेचं वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

आणि एक साधी युक्ती, जिला खर्च काहीच नाही. सांगून झाल्यावर ‘कळलं ना?’ असं विचारायचं नाही. त्याला उत्तर एकच मिळतं. त्याऐवजी रुग्णाकडूनच वदवून घ्यायचं.

दुपारी चारला नेत्र वॉर्डात घरी जाणाऱ्यांची रांग लागलेली असते. वॉर्डबॉय मामा चपला शोधून देतात, नातू रिक्षा बघायला पळतो. काळ्या चष्म्यातली आजी खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेली. सिस्टर दोन बाटल्या तिच्या तळहातावर ठेवते आणि विचारते, ‘आजी, आता घरी सुनेला काय सांगणार?’

आजी बोटं मोजत सुरू करते. ही हलवायची. ही नाही हलवायची. मध्ये देवाजवळ दिवा लावण्याएवढा वेळ थांबायचं. दुखलं, लाल झालं, अंधारलं तर रविवार असला तरी यायचं. सिस्टर हसून कागदावर खूण करते. आजी मात्र उठत नाही.

‘सगळं कळलं बाई. पण केस कधी धुवू, ते नाही सांगितलंस.’

सिस्टर पुन्हा खाटेवर टेकते.